थंडीतला मासा

मार्गशीर्ष लागला की नदीचे पाणी निवळते. पावसाळ्याचा गढूळपणा जातो, धार बारीक होते. तळातले गोटे मोजून घ्यावेत इतके पाणी स्वच्छ दिसते. पण याच दिवसांत गळ घेऊन बसणारा माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. भाद्रपदात ज्याला तासाभरात कालवणापुरते मासे मिळत होते, तो पौषात दिवसभर बसतो आणि संध्याकाळी म्हणतो, "नदीत मासाच उरला नाही."

हे म्हणणे खरे नाही. मासा नदीतच आहे. तो कुठे गेला आहे आणि का खात नाही, एवढेच आपल्याला समजलेले नसते. आणि न समजल्यामुळे पुढे मोठे नुकसान होते. "गळाने मिळत नाही ना, मग टाका सुरुंग," असे कोणीतरी म्हणतो. एका दुपारी सगळा डोह रिकामा होतो आणि पुढची कित्येक वर्षे रिकामाच राहतो.

म्हणून या पाठात आम्ही थंडीतल्या माशाची माहिती सांगणार आहोत. तो का सुस्तावतो, कुठे बसतो, केव्हा खातो, त्याला कसे धरावे, आणि कोणता मासा धरू नये, हे सारे क्रमाने पाहू.

मिशीवाल्या माशांचे कूळ

आपल्या नद्यांत माशांची पुष्कळ कुळे आहेत. त्यांतले एक मोठे कूळ खवल्यांच्या माशांचे. महाशीर, कोळशी, मृगळ, रोहू, कटला हे सारे या कुळातले. परदेशातून आणून तळ्यांत सोडलेला सायप्रिनस हाही याच कुळातला.

यांतल्या पुष्कळांच्या तोंडाशी बारीक मिशा असतात. महाशीराला चार मिशा असतात, दोन वर आणि दोन तोंडाच्या कोपऱ्यांत. या मिशा शोभेसाठी नाहीत. आपण अंधारात हाताने चाचपतो तसा मासा मिशांनी तळ चाचपतो. मिशांना चवही कळते. पाणी गढूळ असो की रात्र काळोखी असो, कणकेचा गोळा कुठे पडला आहे आणि खडा कुठे आहे, हे त्याला मिशी लागताच समजते.

या माशांच्या तोंडात दात नसतात. त्यांचे दात घशात असतात. महाशीर खेकडा, गोगलगाय, शिंपला असे कठीण खाणे घशातल्या दातांनी फोडून खातो. काठावरच्या उंबराची आणि जांभळाची फळे पाण्यात पडली तर तीही त्याला आवडतात.

महाशीराला आपल्याकडे कुठे खडस, कुठे खडशी म्हणतात. देवळापाशी असेल तर लोक त्याला देवमासाच म्हणतात. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची माहिती १८३९ साली छापली. शास्त्रात माशाला लॅटिन नाव द्यावे लागते. साईक्सने आपल्याच लोकांच्या तोंडची नावे घेऊन ती लॅटिन केली. 'खुदरी' आणि 'कोलस' ही नावे अशी जगभरच्या पुस्तकांत गेली. आपल्या भोई-कोळ्यांचे ज्ञान पुस्तकात गेले ते असे.

या कुळाचे भाऊबंद युरोपातही आहेत. इंग्लंडच्या नद्यांत बार्बेल नावाचा मासा असतो. त्यालाही चार मिशा, आणि तोही तळाशीच चरतो. तिकडे थंडी आपल्यापेक्षा कितीतरी कडक. तिकडचे लोक थंडीत त्याला कसे धरतात, तेही पुढे पाहू. त्यातून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

मासा का सुस्तावतो?

आपले अंग उन्हाळ्यात असो की हिवाळ्यात, सारखेच गरम असते. ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. बाहेर थंडी पडली तर आपण जास्त खातो, कारण अंग गरम ठेवायला जास्त अन्न लागते. माशाचे तसे नाही. पाणी जितके गार, तितके त्याचे अंग गार. अंग गार झाले की पोटातले अन्न हळू पचते. अन्न हळू पचले की भूक कमी लागते.

एका म्हाताऱ्या भोईमामांनी आम्हाला हीच गोष्ट फार सोपी करून सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, माशाचं पोट म्हंजे चूल समजा. उन्हाळ्यात चूल धडाडून पेटलेली असती, तवा लाकडं भराभर लागत्यात. थंडीत नुसती धुगधुगी असती. एक ढलपी टाकली की दिसभर पुरती. मग तुम्ही मोळी घेऊन गेलात तर ती घेणार कोण?"

मामा शाळेत गेले नव्हते. पण शास्त्राच्या पुस्तकात जे चार पानांत लिहिले आहे, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. एक, थंडीत मासा खातो, पण थोडे खातो. दोन, तो खाण्यासाठी लांब जात नाही. उन्हाळ्यात मासा आमिषाकडे येतो. थंडीत आमिष माशाकडे न्यावे लागते.

पाणी केव्हा गार, केव्हा ऊबदार?

थंडीच्या पहाटे नदीवर जा. पाण्यातून वाफ निघताना दिसते. पाणी काही उकळत नसते. हवा फार गार असते आणि पाणी तिच्याहून ऊबदार असते, म्हणून ती वाफ दिसते. पहाटे घराच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा इतका तो गार लागतो. पण विहिरीचे पाणी काढले तर कोमट वाटते. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. हा पाण्याचा गुणच आहे.

नाशिक जिल्ह्यात निफाडकडे थंडी किती पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे कधी हवा पाच-सहा अंशांवरही उतरते. पण नदीचे पाणी एका रात्रीत तितके गार होत नाही. दोन-चार रात्री ओळीने कडाक्याच्या गेल्या की मग मात्र पाणी हळूहळू उतरते आणि मासा तोंड मिटून बसतो.

याच्या उलट, आभाळ भरून आले, रात्री गारठा कमी झाला, असे दोन दिवस गेले की पाणी एक-दोन अंश चढते. तेव्हा मासा हलतो. म्हणून एक नियम ध्यानात ठेवावा. पाणी किती गार आहे, एवढेच पाहू नये. ते उतरते आहे की चढते आहे, ते पाहावे. उतरते पाणी वाईट, चढते पाणी चांगले.

ज्याला बारकाईने पाहायचे असेल, त्याने पाण्याचे तापमान मोजण्याचे थर्मामीटर घ्यावे. घरातले तापाचे थर्मामीटर इथे उपयोगी नाही. त्याचे आकडे ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात, आणि थंडीत नदी त्याच्या कितीतरी खाली असते. दोरीला बांधून थर्मामीटर पाण्यात सोडावे, चार-पाच मिनिटे थांबावे आणि आकडा वहीत लिहावा. तारीख, वेळ, तापमान आणि किती मासे मिळाले, एवढे चार रकाने पुरेत. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एका हिवाळ्याची वही झाली की ती तुमच्या नदीचे पुस्तक होईल. दुसऱ्या कोणाला ते लिहिता येणार नाही.

इंग्लंडमधले लोक काय करतात?

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात नदीचे पाणी चार-पाच अंशांपर्यंत उतरते. सात-आठ अंशांच्या खाली गेले की बार्बेल फारसा खात नाही. तिथले गळवाले थर्मामीटर बरोबर घेऊनच नदीवर जातात. कडाक्याची थंडी असली तर घरीच बसतात. आणि नैऋत्येकडून ऊबदार वारा व पाऊस आला, नदीला थोडा पूर आला, पाणी गढूळ होऊन दोन अंश चढले, की लगेच निघतात. अशा वेळी बार्बेल धारेच्या कडेला, संथ पाण्यात येऊन चरतो. आपल्याकडे पौषात असा पाऊस क्वचित पडतो. पण नियम तोच आहे. चढत्या पाण्याला मासा खातो.

तिकडची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. इंग्लंडच्या नद्यांत १५ मार्च ते १५ जून या काळात असा मासा गळाने धरायला बंदी असते. तो त्यांच्या अंडी घालण्याचा काळ. आणि बाकीच्या दिवसांतही तिथले बहुतेक लोक बार्बेल धरतात, पाहतात आणि परत पाण्यात सोडतात. बार्बेलची अंडी तर खाऊच नयेत अशी असतात. खाल्ली तर उलट्या आणि जुलाब होतात.

थंडीत मासा कुठे असतो?

उन्हाळ्यात मासा खळाळाच्या पाण्यात का जातो, ते आधी पाहू. माशालाही श्वास लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी घेतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, गार पाण्यात जास्त मावतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांच्या पाण्यात नऊ मिलिग्रॅम मावतो. म्हणून वैशाखात मासा खळाळाशी येतो, कारण दगडांवर आपटून पाण्यात हवा मिसळते.

थंडीत संथ पाण्यातही प्राणवायू भरपूर असतो. मग धारेशी झगडून ताकद का घालवायची? मासा डोहात उतरतो. पण डोहातही तो कुठेही बसत नाही. त्याच्या ठरलेल्या जागा असतात.

पहिली जागा म्हणजे डोहाच्या वरच्या तोंडाशी, जिथे खळाळ संपून पाणी खोल होते. तिथे एका बाजूला वाहती धार असते आणि तिला लागून संथ पाण्याचा पट्टा असतो. मासा संथ पट्ट्यात उभा राहतो. धारेतून जे वाहून येते ते तोंडाशी येते. हे म्हणजे रस्त्याकडेला बसून बाजाराची गंमत पाहण्यासारखे.

दुसरी जागा म्हणजे पाण्यातल्या मोठ्या खडकाची आडोशाची बाजू.

तिसरी जागा उन्हाची. दुपारी ज्या काठावर ऊन पडते, तिथला काळा खडक तापतो आणि त्याच्याजवळचे उथळ पाणी थोडे ऊबदार होते. तीन-चार वाजता मासा तिथे येतो. याच कारणाने थंडीत भल्या पहाटे जाऊन फारसे काही मिळत नाही. सकाळी अकरापासून दिवस मावळेपर्यंतची वेळ चांगली. उन्हाळ्यातली सवय थंडीत चालत नाही.

गळ आणि आमिष

काठी बांबूची असली तरी चालेल. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणे म्हणतात. गरी लहान घ्यावी. तंगूस बारीक घ्यावे. कारण थंडीचे पाणी स्वच्छ असते आणि जाड तंगूस माशाला दिसते. तंगूसाला शिशाचा एक मणी लावावा. मणी इतका जड असावा की आमिष तळाला जाऊन टेकेल. हा मासा तळाशी चरतो. त्याचे तोंड खालच्या अंगाला वळलेले असते. वरच्यावर तरंगणारे आमिष तो थंडीत घेत नाही.

तरंगता खुणेचा देठ हवा असेल तर झडलेल्या मोरपिसाचा देठ उत्तम. पण संथ पाण्यातच तो वापरावा.

आमिषाला कणीक, नाचणीची उकड, भिजवून शिजवलेला हरभरा, शेंगदाण्याची पेंड किंवा गांडूळ, यांपैकी काहीही चालते. कावेरीकाठी महाशीरासाठी नाचणीचे गोळे वापरण्याची जुनी रीत आहे. काहीजण कणकेत हिंग कालवतात. वासाने आणि चवीने मासा ओळखतो, म्हणून त्याचा उपयोग होतो. गोळा मात्र लहान करावा. उन्हाळ्यात लिंबाएवढा करत असाल तर थंडीत हरभऱ्याएवढा पुरे.

पाण्यात खाणे फेकून मासा जमवायची सवय पुष्कळांना असते. थंडीत हे जपून करावे. चिमूटभर पेंड टाकावी, पसाभर नको. माशाचे पोट लवकर भरले की तो तुमच्या गळाकडे पाहतही नाही. भोईमामांची ढलपी आणि मोळी आठवावी.

काठावर कसे बसावे?

पाणी निवळ असले की आपल्याला मासा दिसतो, तसे माशालाही आपण दिसतो. पांढरे धोतर, पांढरी टोपी लांबून चमकते. मातकट रंगाचे कापड अंगावर घ्यावे. सावली पाण्यावर पडू देऊ नये. त्यासाठी सूर्य समोर येईल असे बसावे, म्हणजे सावली पाठीमागे पडते. पाय आपटू नयेत. जमिनीचा हादरा पाण्यात जातो आणि मासा अंगाच्या दोन्ही बाजूंच्या रेषेने तो ओळखतो.

एका जागी अर्धा तास बसावे. काही हालचाल नाही असे दिसले तर दहा पावले पुढे जावे. एकाच जागी दिवसभर बसू नये. मासा येत नाही म्हणून आपण जायचे.

थंडीत मासा आमिष घेऊन पळत नाही. तो चाखतो, सोडतो, पुन्हा चाखतो. काठी वाकत नाही. तंगूस बोटाच्या पेरावर धरावे. अगदी बारीक खुटखूट कळते. पहिल्या खुटखुटीला ओढू नये. दोरी जराशी ताणली गेली की मग हळूच, पण नेटाने उचलावे.

काय ठेवावे, काय सोडावे?

कोळशी, मृगळ, सायप्रिनस असे मासे घरी खायला घ्यावेत. माशाच्या मांसात साधारण पाचवा हिस्सा प्रथिने असतात. अंगमेहनत करणाऱ्याला, वाढत्या मुलाला आणि बाळंतिणीला ती फार उपयोगी. बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर हाडांना चुना मिळतो.

मासा साफ करताना एक काळजी घ्यावी. आतड्यांजवळ हिरवट पित्ताची पिशवी असते. ती काढून फेकून द्यावी. रोहूसारख्या माशाचे पित्त औषध म्हणून गिळण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती फार घातक आहे. या कुळातल्या माशांच्या पित्तात विष असते आणि ते शिजवूनही जात नाही. त्याने मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे रुग्णालयात गेली आहेत. कोणी कितीही सांगितले तरी पित्त खाऊ नये.

महाशीर लागला तर सोडून द्यावा. याला कारण आहे. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते. महाशीराची अंडी त्या मानाने फार थोडी असतात. पावसाळ्यात तो धारेवर चढून गोट्यांच्या, स्वच्छ पाण्याच्या जागी अंडी घालतो. मध्ये धरण आले की त्याची वाट बंद होते. पाणी घाण झाले की अंडी मरतात. म्हणून नदीतला मोठा महाशीर हे बियाण्याचे कणीस समजावे. बियाणे कोणी दळून खात नाही.

सोडताना हात आधी पाण्यात भिजवावे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि त्याला रोग होतो. गळ हळूच काढावा. मासा तोंड धारेकडे करून पाण्यात धरावा. कल्ले नीट हलू लागले, शेपटीने झटका दिला, की हात ढिला करावा.

सुरुंग, विष आणि तार

आता मुख्य गोष्ट. थंडीत मासा डोहात गोळा होतो, हे आपण पाहिले. त्यामुळे थंडीतच सारा डोह एका वेळी मारणे सोपे असते. काही लोक स्फोटके टाकतात. काही ब्लीचिंग पावडर किंवा पिकावर फवारायचे विष ओततात. काही तारेने वीज सोडतात.

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. सुरुंगाच्या दणक्याने ती फुटते. लहान, मोठा, खाण्याचा, न खाण्याचा, सगळा मासा मरतो. त्यांतला थोडाच वर येतो, पुष्कळसा तळाला जाऊन कुजतो. म्हणजे जेवढा हाती लागतो त्याच्या कितीतरी पट वाया जातो.

जरा हिशेब करू. समजा, एका डोहात १०० मोठे मासे आहेत. त्यांत ५० माद्या आहेत. गावाने हिवाळ्यात गळाने २० मासे धरले. त्यांत १० माद्या गेल्या. उरल्या ४०. प्रत्येकीने ५,००० अंडी घातली तर २ लाख अंडी झाली. हजारात एकच पिलू मोठे झाले असे धरले, तरी २०० मासे झाले. म्हणजे २० खाल्ले आणि २०० मिळाले. आता दुसऱ्या गावाने सुरुंग टाकला. त्यांना एका दिवशी पाट्या भरून मासे मिळाले. पुढच्या वर्षी माद्या शून्य, अंडी शून्य, मासे शून्य. शून्याला कितीने गुणले तरी उत्तर शून्यच येते.

नुकसान माशांचेच होते असे नाही. आमच्या भागातल्या एका तरुणाच्या हातातच सुरुंग फुटला. उजवा पंजा गेला. तो चांगला नांगरकरी होता. आज त्याची बायको दुसऱ्याच्या शेतात राबते आणि तो डाव्या हाताने शेळ्या राखतो. चार किलो माशांसाठी केवढी ही किंमत! विष ओतले तर तेच पाणी खालच्या गावातली गुरे पितात, बायका घागरीत भरतात. विजेची तार टाकणारा तर स्वतःच चिकटून मरतो, आणि त्याला ओढायला धावणाराही मरतो.

कायदाही याच्या विरुद्ध आहे. पाण्यात स्फोटके किंवा विष टाकून मासे मारणे हा मासेमारीच्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याला कैदेची किंवा दंडाची शिक्षा आहे.

लोकांनी राखलेले डोह

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथे देवीचे ठाणे आहे. त्या डोहातले मासे कोणी मारत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे येथेही महादेवाच्या देवळाजवळ असेच मासे राखले आहेत. लोक त्यांना चुरमुरे, कणकेचे गोळे घालतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येतात.

हे मासे कोणी पहाऱ्यावर शिपाई बसवून राखलेले नाहीत. गावकऱ्यांनी ठरवले आणि पाळले, एवढेच. श्रद्धेने राखले म्हणा किंवा शहाणपणाने राखले म्हणा, त्यामुळे नदीतला बियाण्याचा मासा टिकला.

दुसऱ्या बाजूने शास्त्रानेही काम केले आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या काळात महाशीराची अंडी उबवून पिले वाढवण्याचे केंद्र चालवले. तिथली लाखो पिले ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत सोडली गेली. पण पिले सोडायची आणि डोहात सुरुंग टाकायचा, हे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखे आहे.

गावाने काय ठरवावे?

तुमच्या गावालगत नदी असेल तर ग्रामसभेत पाच गोष्टी मांडाव्यात.

१. गावच्या हद्दीतला एक डोह कायमचा राखून ठेवावा. त्यात गळही टाकू नये.

२. पावसाळ्यात मासा धारेवर चढत असताना अडवून धरू नये.

३. बारीक डोळ्यांचे जाळे वापरू नये. बोटभर पिलू आज खाल्ले तर एका घासाचे, दोन वर्षांनी धरले तर घराला पुरते.

४. सुरुंग, विष, विजेची तार यांची खबर पोलीस पाटलांना लगेच द्यावी. तो माणूस आपला भाऊ असला तरी द्यावी. त्यात त्याचाही जीव वाचतो.

५. धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी सोसायटीला दिलेला असतो. तिथे आधी विचारावे. ज्यांचे पोट त्यावर आहे, त्यांच्या ताटातले काढून घेऊ नये.

आणि एक गोष्ट स्वतःच्या जिवासाठी. धरणाखालच्या नदीत गरवायला बसलात तर भोंग्याकडे कान ठेवा. भोंगा झाला की काठी तिथेच टाकून वर या. थंडीच्या पाण्यात पोहून गळ सोडवायला जाऊ नका. गारठ्याने पायात गोळे येतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. गळ काही रुपयांना मिळतो.

थंडीत मासा कमी मिळतो, हे निसर्गाचे ठरलेले आहे. ज्याला माशाची रीत कळली, त्याला घरापुरते कालवण मिळते. ज्याला कळली नाही, तो नदीवर रागावतो. नदीवर रागावून काही मिळत नाही. तिची ओळख करून घेतली तर ती आपल्याला देते आणि आपल्या नातवंडांनाही देते.

विचार करा आणि सांगा

१. थंडीत आपल्याला भूक जास्त लागते आणि माशाला कमी लागते. असे का?

२. पहाटे नदीतून वाफ का निघते?

३. थंडीत मासे धरायला कोणती वेळ चांगली? का?

४. माशाचे पित्त का खाऊ नये?

५. तुमच्या गावाजवळ कोणता डोह राखता येईल? त्याचे नाव वहीत लिहा. का राखावा, ते पाच ओळींत लिहा आणि घरात वाचून दाखवा.